शेपट्या नसलेल्या पेशी

३ फेब्रुवारी, दुपारी १२.१०
पक्कं झालं. लिव्हरच्या व्हायरसचा जीन नर्व्हच्या पेशींत चालू झाला. रीडिंग एकेचाळीस हजार दोनशे. दुजोरा: मशीन (दोनदा), मी (पाचदा).
वही आजपासून. कुणाला दाखवायची नाही. लोक शोध लावतात, नोंदी ठेवत नाहीत, मग म्हातारपणी आठवणी लिहिताना तारखा चुकतात. माझ्या चुकणार नाहीत.

३ फेब्रुवारी, दुपारी ३
शोध सोप्या शब्दांत लिहून ठेवतो. मुलाखतीत विचारतीलच, तेव्हा अडखळायला नको.
हा व्हायरस बऱ्याच पेशींत शिरतो. लिव्हरमध्ये शिरला की धुमाकूळ घालतो. नर्व्हमध्ये शिरला की मुकाट पडून राहतो. व्हायरस तोच, जीन तोच. फरक पेशीत. पेशीतली काही प्रोटीनं व्हायरसच्या स्विचवर जाऊन बसतात आणि हा जीन वाचायचा की नाही ते ठरवतात. त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. प्रत्येक अवयवात यांची टोळी वेगळी.
चौथ्या मजल्यावरच्या लॅबचा प्रमुख (पूर्वीचा मित्र, आता नुसताच चौथा मजला) बारा वर्षं एकच सांगतोय: स्विच दाबणारं प्रोटीन लिव्हरमध्ये असतं, नर्व्हमध्ये नसतं, विषय संपला. माझं म्हणणं वेगळं. नर्व्हमध्ये स्विचवर एक द्वारपाल बसलेला आहे. त्याला उठवा, जीन चालू होईल.
आज उठवला. चालू झाला.
(स्विचला आम्ही काजव्याचा जीन जोडतो. स्विच चालू झाला की पेशी उजळतात आणि मशीन उजेड मोजतं. आज उजेडच उजेड.)
संकल्प: १. कुणावर आवाज चढवायचा नाही. २. सातच्या आत घरी. ३. चौथ्या मजल्याशी लिफ्टमध्ये बोलायचं. थोडक्यात.

५ फेब्रुवारी
माझ्याकडे पीएचडी करणारी मुलगी टेबलापाशी येऊन उभी राहिली. हिला मी मनात शंकासुर म्हणतो. म्हणाली, सर, कंट्रोलपण पेटलाय.
म्हणजे ज्या फ्लास्कमध्ये द्वारपाल उठवलेलाच नाही, जो अंधारात राहायला हवा, तोही उजळला. किती? अडतीस हजार.
अडतीस आणि एकेचाळीस यांत फरक असतो, असं तिला शांतपणे समजावलं. म्हणाली, हो सर, तीनचा.
आवाज चढवला नाही. ती दोन पावलं मागे सरकली, ती तिच्या कारणाने.
या प्रकाराला आमच्यात गळती म्हणतात. कंट्रोल गळतो. पेपरच्या शेवटी पुरवणीत टाकू, लहान अक्षरांत.

९ फेब्रुवारी
जेवताना बायकोला शोध सांगितला. तिला विज्ञानाची सवय नाही. स्पीच थेरपिस्ट आहे, ज्यांची वाचा गेली त्यांना बोलायला शिकवते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, जे पेटायला नको तेच पेटलं, तर मग तो कंट्रोल कसला हो?
पुरवणी म्हणजे काय ते सांगितलं.
म्हणाली, लॅबमध्ये तुम्ही दिवसभर बोलता असं ऐकते. घरात तुमचा स्विच कुठे आहे तो पंचवीस वर्षांत सापडला नाही.
माझेच शब्द मलाच. यावरून एक सुचलं: मी लॅबमध्येही तोच, घरातही तोच. मग घरात बंद का? कारण घरात माझ्यावर द्वारपाल बसलेला आहे. नाव लिहीत नाही.

१६ फेब्रुवारी, सकाळी ११
मीडियावाल्या मावशींनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. (मीडिया म्हणजे पेशींचं पातळ खाणं. मावशी अठ्ठावीस वर्षं तेच बनवतात.) बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, सर, यांच्या शेपट्या कुठे गेल्या?
नर्व्हच्या पेशींना लांब बारीक शेपट्या असतात हे खरं. आमच्या पेशींच्या गेल्या आहेत. गुबगुबीत झाल्या आहेत, फरशी घातल्यासारख्या एकमेकींना चिकटून बसतात. पूर्वी फ्लास्क भरायला दहा दिवस लागायचे, आता तीन दिवसांत भरतो. हाताचा गुण.
मावशींना म्हटलं, शेपटी हे ताणाचं लक्षण आहे. माझ्याकडे पेशींना ताण नाही.
मावशी म्हणाल्या, तेही खरंच, ताण सगळा आम्हालाच वाटून टाकलाय.
म्हणजे काय ते कळलं नाही. विचारलंही नाही. मावशींचा स्वभाव विनोदी आहे.

२३ फेब्रुवारी
हूडवर (पेशी हाताळायचं काचेचं कपाट) शंकासुराने कागद चिकटवला: एका बाटलीतून एकाच जातीच्या पेशींना खाणं घालावं.
हा टोमणा मला. मी आधी लिव्हरच्या पेशींना खाणं घालतो आणि त्याच बाटलीतून नर्व्हच्या पेशींना. घाई असेल तर पिपेटही तीच. असले नियम शिकाऊ लोकांसाठी असतात. लिव्हरची पेशी बाटलीत पडायला आधी हात गचाळ लागतो. माझा हात म्हणजे माझा हात.
कागद काढला. तिरका लागला होता.

४ मार्च
पेपर जर्नलला पाठवला. शंकासुराचं नाव दुसरं. म्हणाली, सर, माझं नाव नसलं तरी चालेल.
विनय. या वयात बरा दिसतो. नाव ठेवलं.

१९ मार्च
न विचारता भलताच उद्योग केला शंकासुराने. नायट्रोजनच्या टाकीच्या तळाशी नर्व्हच्या पेशींच्या जुन्या कुप्या आहेत, एकोणीस वर्षं गोठवलेल्या. त्यातली एक उघडून पेशी वाढवल्या. स्वतःच्या वेगळ्या बाटलीतून. दोन आठवडे वाढायला लागले, इतक्या मंद. शेपट्या मात्र हातभर. त्यांच्यातला द्वारपाल उठवून रीडिंग घेतलं. एकशे पंचाण्णव.
रिकामं मशीन एकशे नव्वद दाखवतं. म्हणजे काहीच नाही.
हसून सोडून दिलं. एकोणीस वर्षं झोपलेल्याला उठवल्या उठवल्या नाचायला सांगितलं तर तो नाचेल का? शिवाय तिचा हात थंड आहे. पेशींना कळतं.
म्हणाली, सर, तुमच्या फ्लास्कमधल्या पेशींची एकदा डीएनए तपासणी करून घेऊया का? त्या खरंच नर्व्हच्या आहेत की नाहीत ते कळेल.
आवाज चढला. थोडा. संकल्प पुढच्या महिन्यापासून नव्याने.

२ एप्रिल
शंकासुराचा वार्षिक अहवाल लिहिला. मनात राग न ठेवता. प्रगती: असमाधानकारक. हाताळणी: कच्ची. शंका घेण्याकडे कल.
तिची मुदत जूनअखेर संपते आणि मुदतवाढ याच अहवालावर ठरते, हे मला माहीत आहे. म्हणून तर विचार करून लिहिलं. माणसाला वेळीच खरं सांगावं.
तिने उभ्यानेच वाचला. विचारलं, हाताळणी कच्ची, ती कोणत्या प्रयोगात?
म्हटलं, एकंदरीत.
म्हणाली, एकंदरीत म्हणजे कोणत्या तारखेला, सर?
रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. कागदाची सुबक घडी घालून घेऊन गेली. अशा थंडपणामुळेच तिच्या हाताला यश नाही.

१४ एप्रिल
डायरेक्टरांनी बोलावलं. जुलैत विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होते आहे. म्हणाले, पेपर स्वीकारला गेला तर तुमच्या नावाला कोण हरकत घेणार?
परत येताना प्रमुखांच्या केबिनमध्ये डोकावलो. रिकामीच होती, म्हणून पावलांनी मोजली. लांबी नऊ, रुंदी सहा. कपाट उलट्या भिंतीला हवं.
घरी यायला साडेआठ. बायकोला नऊ बाय सहा सांगितलं. म्हणाली, कुणाची पावलं?

२ मे, सकाळी १०
जर्नलकडून उत्तर. पहिला परीक्षक: काम लक्षवेधी. दुसरा परीक्षक: ज्या फ्लास्कवर प्रयोग झाला त्यातल्या पेशी नर्व्हच्याच आहेत हे डीएनए तपासणीने सिद्ध करा. मुदत तीस दिवस.
वीस वर्षं ज्यांना भरवलं त्या माझ्याच आहेत का, असं विचारतात.
दुसरा परीक्षक चौथा मजलाच. परीक्षकांची नावं गुप्त असतात, पण स्वल्पविराम ओळखू येतात.

५ मे, दुपारी ४
मार्ग सापडला. तपासणीला शंकासुराच्या जुन्या कुपीतल्या पेशी पाठवायच्या. यात लबाडी नाही. लेबलवर नाव तेच, जात तीच, मूळ तेच. माझ्या फ्लास्कमधल्या पेशी त्यांचीच खापरपणतवंडं. आजोबांचं रक्त तपासलं काय आणि नातवाचं काय.
तिला सांगितलं, एक ट्यूब भरून दे.
म्हणाली, सर, माझी हाताळणी कच्ची आहे ना? मग माझ्या पेशी कशा चालतील?
मग म्हणाली, ज्या फ्लास्कमधून पेपर निघाला त्याच फ्लास्कमधलं सॅम्पल जायला हवं. मी ट्यूब देणार नाही.
आवाज चढला. बराच.

६ मे
डायरेक्टरांना सगळं ठाऊक. तिने सांगितलं नव्हतं. काल मी काय बोललो ते पूर्ण कॉरिडॉरने ऐकलं, त्यात ‘तुझी कुपी पाठव, माझा फ्लास्क नको’ हेही होतं. म्हणजे पहिला संकल्प पाळला असता तर कुणालाच काही कळलं नसतं. यापुढे पाळायचा.
डायरेक्टर म्हणाले, दोन्ही सॅम्पलं जातील. सील मावशी करतील. तुम्ही दोघांनी हात लावायचा नाही.
विभागप्रमुख होऊ घातलेल्या माणसावर मीडियावाल्या मावशींची देखरेख.

१३ मे
वाट बघतोय. मन शांत आहे. तीन दिवसांत दोन किलो कमी झालं, तेही बरंच झालं, वजन उतरवायचा संकल्प होताच.
बायकोने विचारलं, भीती कसली वाटते आहे?
म्हटलं, कसलीच नाही.
म्हणाली, माझ्याकडे येतात त्यांच्या मनात शब्द तयार असतो, तोंडातून निघत नाही. तुमचाही एक अडकलाय. बघा प्रयत्न करून.
कोणता ते तिने सांगितलं नाही.

२१ मे, सकाळी १०.०५
निकाल आला. दुजोरा: बाहेरची लॅब, दोन सह्या, एक शिक्का.
माझा फ्लास्क: लिव्हरच्या पेशी. पूर्ण जुळणी. नर्व्हची एकही पेशी आढळली नाही.
जुनी कुपी: नर्व्ह. पूर्ण जुळणी.

२१ मे, दुपारी १
सॅम्पलांची अदलाबदल झालेली असणार. मावशींना चष्मा लागलाय. डायरेक्टरांना तसा मेल लिहिला. सौम्य शब्दांत. पाठवला.

२१ मे, दुपारी ३.३०
मावशींनी सील करताना प्रत्येक ट्यूबचा फोटो काढून ठेवला होता. तारीख, वेळ, लेबल, सगळं स्पष्ट. एका फोटोत मागे मी दिसतो, हाताची घडी घालून.
मावशी मघाशी माझ्या टेबलावर दोन नव्या बाटल्या ठेवून गेल्या. एकीवर लिव्हर लिहिलेलं, दुसरीवर नर्व्ह. मोठ्या अक्षरांत.

२५ मे
काय झालं असावं ते एकदा लिहून काढतो. पुन्हा लिहायला लागू नये म्हणून.
लिव्हरच्या पेशी भराभर वाढतात, नर्व्हच्या हळू. लिव्हरची एक पेशी पिपेटला चिकटून बाटलीत गेली, बाटलीतून नर्व्हच्या फ्लास्कमध्ये. एक पुरते. काही आठवड्यांत फ्लास्कमध्ये फक्त त्याच उरतात, लेबल मात्र जुनंच राहतं. शेपट्या गेल्या नव्हत्या. शेपट्यावाल्याच गेल्या होत्या.
आणि उजेड? द्वारपाल उठवला म्हणून नाही. त्या लिव्हरच्याच पेशी, त्यांच्यात चौथ्या मजल्याचं स्विच दाबणारं प्रोटीन आधीपासूनच. अडतीस हजार हा त्याचा पुरावा. एकेचाळीस हजारही त्याचाच. मी त्याची थिअरी दोनदा सिद्ध केली. त्याला स्वतःला इतकं स्वच्छ रीडिंग कधी मिळालं नव्हतं.

३० मे
डायरेक्टरांनी टाकीतल्या सगळ्या कुप्या तपासून घेतल्या. या खोलीत आल्यापासूनच्या, म्हणजे सहा वर्षांतल्या, नर्व्ह लिहिलेल्या सगळ्या कुप्या लिव्हरच्या निघाल्या. चार पेपर मागे घ्यावे लागणार. विभागप्रमुखाच्या खुर्चीचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही.
खऱ्या नर्व्हच्या कुप्या तीनच उरल्या, त्या एकोणीस वर्षांपूर्वीच्या. मावशींनी त्यांचा डबा आणून दाखवला. झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत: बाटली वेगळी. पिपेट वेगळी. आधी नर्व्ह, मग लिव्हर. हात पुन्हा धुणे.
अक्षर माझं.
तेव्हा मी हंगामी होतो. लॅबमध्ये सगळ्यांनाच घाबरायचो.
मावशी म्हणाल्या, तेव्हा तुम्ही दहादा येऊन विचारायचात. मीच वैतागायचे.
डायरेक्टरांनी नेमलेल्या चौकशी कमिटीचं ठरलं: तीनातली एक कुपी उघडून प्रयोग नव्याने करायचा. शंकासुर करील. मी हात लावायचा नाही.

४ जून
चौथा मजला खाली आला. दोन कप चहा घेऊन. मी लिफ्टमधल्या संभाषणाची तयारी करून ठेवली होती, हा जिन्याने आला.
टोमणा येईल म्हणून वाट बघितली. आला नाही. कमिटीत त्याने सांगितलं म्हणे, की असं बऱ्याच लॅबमध्ये होतं, फरक इतकाच की इथे तपासलं. त्याने माझी बाजू घेतली. बारा वर्षांत त्याने केलेली सगळ्यात वाईट गोष्ट.
मी विचारलं, दुसरा परीक्षक तूच ना?
म्हणाला, नाही रे. असतो तर स्वीकारला असता. इतका उजेड मी कुठे बघितलाय.
कप घेऊन उठला. दारातून म्हणाला, ती मुलगी माझ्याकडे यायला तयार आहे, पण तुझा अहवाल फाइलमध्ये आहे तोवर मुदतवाढ मिळत नाही. महिना संपत आलाय.
महिना आत्ताच सुरू झालाय. तो नेहमी वाढवून बोलतो.

८ जून
अहवाल मागे घेण्याचं पत्र.
पहिला मसुदा: प्रगती समाधानकारक आहे, मात्र. डायरेक्टरांनी परत पाठवला. म्हणाले, ‘मात्र’ काढा.
दुसरा: तत्कालीन परिस्थितीत. म्हणाले, परिस्थिती म्हणजे तुम्हीच.
तिसरा: माझ्याकडून अनवधानाने. त्यावर त्यांनी काही लिहिलं नाही, नुसता माझ्या टेबलावर ठेवून गेले.
चौथा: तिचं निरीक्षण बरोबर होतं. मी चुकलो. तिची हाताळणी उत्तम आहे.
हे एवढंसं लिहायला पूर्ण दिवस गेला. बायको म्हणत होती तो शब्द बहुतेक यातलाच.
शंकासुराने उभ्यानेच वाचलं. म्हणाली, सर, निरीक्षण कोणत्या तारखेचं ते राहिलंय.
मी आजची घातली.
म्हणाली, पाच फेब्रुवारी.
खोडून पाच फेब्रुवारी केली. मुदतवाढ मिळेल. ती एक तारखेपासून चौथ्या मजल्यावर. थँक्यू म्हणाली नाही. मी वाट बघत होतो का, तर हो, थोडी.

१२ जून, शुक्रवार, संध्याकाळी ५.४०
घरी. दुसरा संकल्प आता आपोआप पाळला जातो.
दोन्ही इन्क्युबेटर रिकामे केले. माझे फ्लास्क उकळून टाकायला दिले. शेवटचे दोन काठोकाठ भरलेले होते, एकही पेशी मेलेली नाही. वाढवल्या मात्र मन लावून.
सोमवारी अकरा वाजता कमिटी येणार. शंकासुर स्वतःच्या बाटलीतून वाढवलेल्या पेशी मशीनमध्ये ठेवेल, एकीकडे द्वारपाल उठवलेल्या, दुसरीकडे न उठवलेल्या. माझी खुर्ची हूडपासून लांब, दाराजवळ. दोन्ही आकडे मी मोठ्याने वाचायचे, मावशी लिहून घेणार, खाली सही माझी. पेपर मागे घेण्याच्या अर्जाला तो कागद जोडायचा आहे.
चहा झाल्यावर बायकोसमोर वाचून बघितलं. ती समोर खुर्ची घेऊन बसली, पेशंटसमोर बसते तशी. म्हणाली, ऐकू येत नाही, आवाज जरा चढवा.
चढवला.
म्हणाली, आता आलं. पुन्हा.
सोमवार, सकाळी अकरा. अपेक्षित रीडिंग: द्वारपाल उठवलेल्या पेशी, एकशे नव्वद. न उठवलेल्या, एकशे नव्वद.